ओकणं चालेल, पण दूधच घेईना तेव्हा

आमच्या चिऊच्या ओकण्याबद्दल एकदा नीट लिही असं दोघी-तिघी जणी कधीपासून म्हणायल्यात, ती आत्ता झोपलीय तोवर होईल तेवढं लिहून घेते. आधीच सांगते, दूध ओकणं हा आमचा खरा त्रास नव्हताच. कपडे धुवून धुवून हाताची सालं निघाली, पण ते चालतंय. खरा त्रास अडीच महिन्यांच्या आसपास सुरू झाला, पोरगी दूधच घेईना तेव्हा. आणि घरात सगळे ओकण्यावर औषध शोधत बसलेले.

बाळंतपणाला मी माहेरी होते, खानापूर तालुक्यात, तेही ऐन आषाढात. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहितीय त्यांना पुढचं सांगायलाच नको. दिवसभरात दुपटी, लाळेरी, लंगोट, माझे गाऊन, आईच्या साड्यांचे पदर असं सगळं ओकून भिजायचं आणि वाळायचं तर काहीच नाही. आई निखाऱ्यावर बुट्टी उपडी घालून त्यावर लंगोट वाळवायची आणि मग सगळ्या कपड्यांना धुराचा वास. चिऊ तीन आठवड्यांची झाल्यापासून प्रत्येक पाजण्यानंतर ओकायची. कधी नुसतं पांढरं दूध ओठाच्या कडेने ओघळायचं, कधी तासाभराने दह्याच्या गुठळ्या आणि आंबूस पाणी. रडायची नाही, ओकून झालं की हसायची उलट. वजन छान वाढत होतं. आशाताई घरी यायच्या (जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या असं करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात), झोळीत घालून काट्याला लावायच्या, तायी कार्डवर (आमच्या कर्नाटकातलं आई-बाळाचं सरकारी कार्ड) लिहायच्या आणि विचारायच्या एकच, दिवसाला लंगोट किती ओले होतात? सहाच्या वर होत असतील तर ओकू दे की, म्हणायच्या. आज्जीचं पण तेच, "दूध टाकणारं पोर बाळसं धरतंय बघ." शेजारच्या कन्नड अक्का दारातूनच "एनू आगांगिल्ल, अंजबेड्री" म्हणून जायच्या. म्हणजे काही होत नाही, घाबरू नका. त्या महिन्यात सगळ्यात शहाणी माणसं ही तिघंच होती असं आता वाटतंय.

बाकीच्यांनी मात्र डोकं खाल्लं. एक मावशी म्हणाली तुझं दूध जड झालंय, हरभऱ्याची डाळ, वांगं, शेंगदाणे बंद कर. दुसरी म्हणाली दूध पातळ आहे म्हणून टिकत नाही, आळिवाची खीर खा. मीठ-मोहरीनं दृष्ट काढून झाली, तिचं मला काही नव्हतं, पोटात तर काही जात नाही. गुटीवरून मात्र भांडण झालं. सहाण, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, सगळं काढून ठेवलेलं, वर मधाचं बोट. मध वर्षाच्या आत द्यायचाच नसतो, त्यातून बोटुलिझम नावाची विषबाधा होऊ शकते हे मला माहीत होतं आणि जायफळाने पोर गुंगीत पडतं हे आईलाही माहीत होतं, म्हणून ती माझ्या बाजूने उभी राहिली. नाहीतर माझं कोण ऐकणार होतं.

मग एका रात्री तिने जोरात ओकलं. नेहमीसारखं ओघळून नाही, हातभर लांब आणि नाकातून पण. नाकातून दूध आलं की बाळाचा चेहरा काय होतो ते बघितलं नसेल तर बघू नका. दादाने गाडी काढली आणि पावसात बेळगाव गाठलं, पंचवीस-सव्वीस किलोमीटरच असेल पण मच्छे-पिरनवाडी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते ओकण्याचा रंग. हिरवं होतं का? पिवळट-हिरवं ओकलं तर आतडं अडकलेलं असू शकतं, मग एक तासही थांबायचं नाही, असं त्यांनी आम्हाला तेव्हाच बजावलं. आमचं पांढरं होतं. मग पोटाची सोनोग्राफी, कारण तीन ते सहा आठवड्यांच्या बाळांमध्ये जठराच्या पुढच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद व्हायचा एक आजार असतो, त्यात प्रत्येक वेळी असं फवाऱ्यासारखं ओकतं, वजन उतरतं आणि ऑपरेशनच करावं लागतं. तसलं काही निघालं नाही. पहाटे परत आलो, चिऊ गाडीत आडवी होऊन मस्त झोपलेली आणि आम्ही सगळे पिळून निघालेले.

बारसं झालं, मी सासरी बेळगावातल्या वडगावला आले. आमचे पावरलूम आहेत घराला लागून. पहिल्या दिवशी मला वाटलं ह्या खडखडाटात ही काय झोपणार, तर उलटंच, माग चालू असले की गाढ झोप आणि करंट जाऊन माग थांबले की टक्क जागी. तेवढं एक सुख होतं. पण ह्याच दिवसांत पाजणं बिघडायला लागलं. सुरुवातीला नीट लागायची, चार-पाच घोट घ्यायची, मग ठसका, मग एकदम सोडायची. मुठी आवळलेल्या, कान लालभडक, पाठीची कमान करून डोकं मागे टाकायची आणि घशातून करकर असा आवाज. परत जवळ घेतलं की परत तेच. पुढे पुढे तर पाजायच्या बाजूने कुशीत आडवी घेतली की दूध तोंडाला लागायच्या आधीच रडायला सुरुवात. भूक तर लागलेली असायची, मूठ चोखायची, पण दूध नको. फक्त झोपेत प्यायची. मग मी काय करायची, तिला डोळा लागला की अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायची, नवऱ्याला सांगून ठेवलेलं की आत्ता माग बंद करू नका, सासूबाई दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने गप्प करायच्या. आणि एवढं करून करंट गेला की सगळं मुसळ केरात.

दहाव्या आठवड्याच्या लसीला गेलो तेव्हा वजनाचा घोळ दिसला. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला पाहिजे, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे. आमचं आठवड्याला पन्नास-साठवर आलेलं. सिस्टरनी काटा दोनदा शून्यावर आणून बघितला. (हे पण सांगते, वजन एकाच काट्यावर करा आणि कपडे काढून करा. आम्ही एकदा मेडिकलच्या काट्यावर केलं, एकदा अंगणवाडीत, फरक एवढा आला की घरात रडारड.)

मग शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. गर्दी तोबा, आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत मी एक वाक्य पूर्ण बोलले नसेन, हातात तीन प्रकारचे ड्रॉप्स आणि वर डब्याचं दूध सुरू करा. नवरा म्हणाला करूया, मला पटेना. डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण नातेवाईकांच्या तोंडाला कुठला कायदा, घरी पोचेपर्यंत चार फोन आले कुठला डबा चांगला म्हणून. मी एवढंच म्हटलं की जी पोरगी तोंडाजवळ दूध आलं की रडते ती डब्याचं तरी कसं पिणार? ह्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

माझ्या जावेच्या ओळखीने दुसऱ्या एका डॉक्टर मॅडम मिळाल्या. वयस्कर, घरी कन्नड, पण आपल्याशी झकास मराठी. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "पाजून दाखव बघू." त्यांच्यासमोर चिऊने सगळं करून दाखवलं, ठसका, कमान, करकर, सगळं. मॅडम खुर्ची ओढून अगदी जवळ बसून बघत होत्या. मग मला म्हणाल्या दुसऱ्या बाजूने आपोआप गळतंय का? गळत होतंच, माझ्या कपड्यांत कायम घडी घातलेला रुमाल असायचा. म्हणाल्या, तुझं दूध सुरुवातीला फार जोरात येतंय, तिला गिळायला आणि श्वास घ्यायला एकाच वेळी जमेना, हवा गिळते, पोट तट्ट होतं, वर येतं आणि घसा जळतो. चार-पाचदा असं झालं की तिला वाटायला लागतं ही जागाच त्रासाची. जळजळ थांबली तरी ती भीती जायला वेळ लागतो, आणि त्यात तुम्ही डोकं धरून लावलं की ती भीती पक्की होते.

डोकं धरून. आम्ही धरत होतोच, सासूबाई मागून डोकं दाबायच्या आणि मी हात धरायची. मॅडमनी त्या दिवसापासून ते बंद करायला सांगितलं. भूक दिसली की जवळ घ्यायचं, तोंड फिरवलं की थांबायचं, परत पंधरा-वीस मिनिटांनी. रडत असताना कधीच लावायचं नाही. ऐकायला सोपं, पण वजन वाढत नसताना पोरीने तोंड फिरवलं आणि आपण 'बरं, राहू दे' म्हणून उठायचं हे करून बघा एकदा. मला ते सगळ्यात अवघड गेलं, औषध पाजण्यापेक्षा, रात्र जागण्यापेक्षा.

ओकण्याचं कारण त्यांनी असं सांगितलं की अन्ननलिका आणि जठर जोडतात तिथला स्नायू म्हणजे पिशवीचं तोंड आवळायची नाडी समजा, लहान बाळांत ती सारखी सैल पडते, त्यात खाणं सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. म्हणून निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या तीन-चार महिन्यांत रोज ओकतात, चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते सगळ्यात जास्त असतं आणि बसायला, उभं राहायला लागली की कमी होत वर्ष-दीड वर्षापर्यंत बहुतेकांचं जातं. ओकून हसणाऱ्या आणि वजन वाढणाऱ्या बाळाला औषध लागतच नाही. वजन अडलं, दूध नाकारलं, ओकण्यात रक्त दिसलं, श्वास लागला, लंगोट कमी ओले व्हायला लागले, ताप आला किंवा टाळू फुगलेली वाटली तर मात्र दाखवायचं. आधीच्या ड्रॉप्सपैकी एक डोमपेरिडोन, म्हणजे उलटीवरचं औषध होतं, ते त्यांनी बंद केलं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपात २०१४ पासून त्यावर बंधनं आहेत असं म्हणाल्या. आम्लपित्ताचं एक औषध चार आठवड्यांसाठी दिलं, ते पण वजन अडलं होतं म्हणून. नुसत्या रडण्यासाठी त्याचा उपयोग दिसत नाही आणि पोटातलं आम्ल कमी झालं की जुलाब, छातीचं इन्फेक्शन व्हायचा धोका वाढतो, त्यामुळे चार आठवडे झाले की परत बघून ठरवू, आपल्या मनाने चालू ठेवायचं नाही, असं दोनदा सांगितलं.

पाजायची पद्धत सगळी बदलली. मी भिंतीला तक्के लावून मागे रेलून बसायची, जवळजवळ अर्धी आडवी, आणि चिऊ माझ्या अंगावर पालथी, तिचं डोकं वर. असं केलं की दूध उतारावरून तिच्या घशात पडत नाही, तिला ते ओढून घ्यावं लागतं. पाजायच्या आधी पहिली जोराची धार वाटीत काढून टाकायची. एका वेळी एकच बाजू. मध्ये थांबून ढेकर, पण पाठीवर धबाधबा मारून नाही, नुसतं ताठ धरायचं आणि हात वरखाली. झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं खांद्यावर उभी. हे शेवटचं काम सासऱ्यांनी आपणहून घेतलं, खांद्यावर टॉवेल टाकून मागाच्या शेडमधून फेऱ्या मारायचे, कामगारांशी गप्पा मारत. ओकली तर टॉवेल बदलायचा, एवढंच. माझ्या लग्नानंतर त्यांच्याशी माझं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

ज्या दिवशी अजिबात जवळ यायची नाही त्या दिवशी काढलेलं दूध वाटी-चमच्याने. आज्जीने माहेरून चांदीचं बोंडलं पाठवलेलं, दिसायला देखणं, पण त्याची चोच आतून धुताच येत नाही म्हणून ते शोकेसमध्येच राहिलं. चमच्याने पाजताना पण बाळ बसल्यासारखं धरायचं आणि चमचा खालच्या ओठाला टेकवून थांबायचं, तिने जीभ बाहेर काढली की मग. ओतायचं नाही.

गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी पण असंच दिसते, म्हणून मॅडमनी मला दूध, दही, तूप, ताक, पनीर सगळं दोन ते चार आठवडे बंद करायला सांगितलं. आईच्या खाण्यातून ते दुधात उतरतं म्हणे. आता बघा, बाळ बघायला येणारा प्रत्येक माणूस बेळगावात काय घेऊन येणार, कुंदा! फ्रीजमध्ये कुंद्याचे डबे आणि मी कोरा चहा पितेय. गोकाकचं करदंट आणलेलं ते खायची, पण त्याला पण कुणीतरी तूप लावलंय का म्हणून आधी विचारायचं. पहिल्या आठवड्यात सासूबाईंना फरक जाणवायला लागला, मला काही दिसेना. ठरलेले आठवडे भरल्यावर मॅडमनी परत दूध सुरू करून बघायला सांगितलं, मी सरळ कुंद्यापासूनच सुरुवात केली. चिऊला काहीही झालं नाही. ना पुरळ, ना शीमध्ये रक्त, ना जास्तीचं रडणं. म्हणजे आमचं कारण ते नव्हतं. ज्यांच्या बाळाचं ते असतं त्यांना यातूनच फरक पडतो, त्यामुळे ते आठवडे वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण उगाच सहा-सहा महिने आपल्या मनाने दूध-दही सोडून हाडं झिजवणाऱ्या बायका बघितल्यात मी, तसलं करू नका.

झोपवण्यावरून घरात मोठं रामायण झालं. सगळ्यांचं म्हणणं उशी द्या, किंवा पालथी घाला, नाहीतर उताणी ओकली तर घशात जाईल. मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, वर आलेलं दूध खालीच राहतं, बाळ खोकून, गिळून टाकतं. पालथं असताना उलट होतं. त्यामुळे सपाट, कडक अंथरुणावर, उताणी, उशी-तक्क्या काही नाही, ओकत असली तरी. साडीची झोळी पण बंद, कारण त्यात पोट दुमडतं आणि हनुवटी छातीला टेकते. तो कागद सासूबाईंनी देवघराच्या बाजूला चिकटवला आणि पुढे शेजारणींना त्याच समजावून सांगायला लागल्या.

फरक कधी पडला? एकदम नाही. औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात करकर आवाज कमी झाला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एकदा दुपारी जागेपणी प्यायली, डोळे उघडे, माझ्या मंगळसूत्राशी खेळत. मी हलले पण नाही, पाय बधिर झाला तरी. दुसऱ्या दिवशी परत नकार. असं दोन पावलं पुढे एक मागे करत वजनाचा काटा सरकायला लागला, आधी शंभर ग्रॅम, मग दीडशे. चार आठवड्यांनी औषध थांबवलं, परत रडणं सुरू झालं नाही. नवऱ्याचं म्हणणं औषधानेच झालं, माझं म्हणणं डोकं धरणं सोडलं म्हणून झालं, सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या फेऱ्यांनी. ह्यावर अजून वाद चालू आहे.

त्या काळात माझं काय झालं ते पण लिहायला पाहिजे, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही. पोरगी आपल्याला बघून रडते असं वाटायला लागतं. तिला माझ्याच कुशीत घेतलं की रडायची आणि सासऱ्यांच्या खांद्यावर शांत, ह्याने मी आतून पार खचले होते. मॅडमनी एकदा चिऊचं सगळं झाल्यावर मला विचारलं तू झोपतेस का, जेवतेस का, आणि मला तिथेच रडू आलं. त्यांनी नवऱ्याला आत बोलवून सांगितलं रात्रीचं एक पाजणं वाटी-चमच्यावर तुम्ही करा, हिला सलग पाच तास झोपू द्या. त्या पाच तासांनी माझं डोकं जागेवर आलं, आणि तरीही उदास वाटत राहिलं तर लपवू नको, दाखवायला ये, असंही म्हणाल्या. ज्यांना वाटतं त्यांनी खरंच दाखवा.

ओकणं मात्र चालूच होतं बरं का, चौथ्या महिन्यात तर कहर. पण आता ते कुणी मोजत नव्हतं. सहा महिने पूर्ण झाल्यावर नाचणीचं सत्व आणि मऊ भात सुरू केला, भात बेळगाव बासमतीचा, सासूबाईंचा आग्रह. घट्ट खाणं पोटात टिकतं, शिवाय ती बसायला लागलेली, त्यामुळे आठव्या महिन्यापर्यंत ओकणं दिवसाआड झालं. नवीन पदार्थ मात्र तिला सावकाश लागतो अजून. चमचा बळंच तोंडात सारला की आठवडाभर तो पदार्थ बघितला तरी तोंड मिटते, म्हणून आम्ही ताटली तिच्यासमोर ठेवतो आणि आपापलं जेवतो.

आता वर्षाची होऊन गेलीय. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाते, वजन कार्डवरच्या रेषेत आहे. पोटभर खाऊन लगेच उड्या मारल्या तर ओकते अजून, आणि खानापूरला जाताना गाडीत ओकते, पण त्या रस्त्याला माझा दादा पण ओकतो.